त्याला विचारावं लागतं

मिरजेच्या आमच्या घरात दार एकच होतं, रस्त्याकडचं. आतल्या दोन खोल्यांमध्ये चौकट होती, पण तिला दार नव्हतं. आईच्या जुन्या सुती पातळाचा पडदा होता आणि तोही जाता-येता अंगाला गुंडाळतो म्हणून दिवसभर खिळ्याला अडकवलेला असायचा. आम्ही सहा माणसं राहायचो. अभ्यास सगळ्यांत बसून करायचा, कपडे मोरीत बदलायचे आणि रडू आलंच तर तेही मोरीतच, बाहेर कुणी बादली घेऊन थांबलेलं नसेल तेवढ्यात उरकायचं. यात कुणाचा दोष नव्हता. घर तेवढंच होतं.

दहावीची परीक्षा झाली त्या सुट्टीत मी वही लिहायला लागले. शंभर पानी, एकेरी रेघांची. ती गादीच्या खोळीत असायची. मे संपता संपता, पावसाआधी गाद्यांना ऊन दाखवायचं म्हणून खोळी काढल्या आणि वही घरातल्या एका मोठ्या माणसाच्या हातात गेली. चहाच्या वेळी, पाच-सहा जणांसमोर, ती मोठ्याने वाचली गेली. वाचणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं असं नंतर सगळे म्हणाले, आणि ते खरंही असेल. दोन ठिकाणी लोक हसले. ती दोन ठिकाणं मला आजही पानासकट आठवतात. दुसऱ्या दिवशी बंब पेटवताना मी ती वही आत सारली.

हे २००९ सालचं. त्याच वर्षी दिवाळीनंतर, अकरावीत, एका मैत्रिणीने मला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक दिलं. तिच्या ताईने ते पुण्यात फुटपाथवर घेतलं होतं. काळं मुखपृष्ठ, त्यावर दोन पांढरेफटक हात आणि ओंजळीत एक लाल सफरचंद. स्टेफनी मायर यांची ‘ट्वायलाइट’. अमेरिकेत ती २००५ साली आली होती आणि २००८ मध्ये तिच्यावरचा सिनेमा आल्यावर आमच्यासारख्या गावांतल्या कॉलेजांपर्यंत तिचा पाझर पोचला होता. मी मराठी माध्यमातली. पहिली पन्नास पानं वाचायला मला तीन आठवडे लागले. शेजारी डिक्शनरी, पेन्सिलीने शब्दांवर बारीक टिंबं. घरच्यांना वाटायचं, पोरगी इंग्रजी सुधारतेय. इंग्रजीत होतं म्हणून ते पुस्तक उघड्यावर वाचता आलं, हेही सांगायला हवं. त्या घरात लपून राहण्याची माझी पहिली जागा म्हणजे एक परकी भाषा.

गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. सतरा वर्षांची बेला वडिलांकडे फोर्क्सला राहायला येते. फोर्क्स हे खरं गाव आहे, वॉशिंग्टन राज्यात ऑलिंपिक द्वीपकल्पावर, साडेतीन हजारांच्या आसपास वस्तीचं, लाकूडतोडीवर वाढलेलं. लेखिकेने ते इंटरनेटवर शोधून काढलं, कारण तिला उन्हापासून लपणाऱ्या माणसांसाठी अमेरिकेतली सगळ्यात पावसाळी जागा हवी होती. तिथे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या आंबोलीत याच्या दुपटीहून जास्त पडतो, पण तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. तिथलं आभाळ मात्र बाराही महिने ओथंबलेलं. या अंधाऱ्या, शेवाळलेल्या गावात बेलाला एडवर्ड भेटतो. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत शिकागोत मरायला टेकलेला मुलगा, ज्याला एका डॉक्टरने व्हॅम्पायर करून वाचवलं आणि जो तेव्हापासून सतराचाच राहिला आहे.

पण मला पहिल्यांदा धरून ठेवलं ते एडवर्डने नाही. बेलाच्या वडिलांनी. ते तिची बॅग खोलीत ठेवतात आणि तिला एकटीला सोडून खाली जातात. बेला म्हणते की त्यांची ही एक गोष्ट चांगली आहे, ते अवतीभवती घोटाळत नाहीत. त्या घरात न्हाणीघर एकच असतं, दोघांत मिळून. ते मला ओळखीचं होतं. पण खोलीला दार होतं आणि वडील ते दार तिच्यावर सोडून गेले होते. त्या परिच्छेदावर मी किती वेळ थांबले होते ते त्या जुन्या प्रतीतल्या टिंबांवरून कळत नाही, कारण त्यातला एकही शब्द मला अडला नव्हता.

आणि मग ती दुसरी गोष्ट. एडवर्डला माणसांच्या मनातलं ऐकू येतं. वर्गातल्या, जेवणाच्या हॉलमधल्या, रस्त्यावरच्या सगळ्यांचं. फक्त बेलाचं येत नाही. तिच्या मनाला तो नुसता धडकत राहतो.

वही जाऊन सहा महिने झाले होते. जगातल्या सगळ्यांची मनं उघडी आणि एका मुलीचं बंद, हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. तिने त्यासाठी काही केलेलं नव्हतं, कुलूप लावलेलं नव्हतं. ती तशीच होती.

किशोरवयीन मुलींना व्हॅम्पायरच्या प्रेमकथा का आवडतात यावर मोठी माणसं पुष्कळ बोलली आहेत. धोक्याचं आकर्षण, मृत्यूची ओढ, देखणेपणा, श्रीमंती, आपल्याला कुणीतरी वाचवावं ही इच्छा. काहींनी ती पुस्तकं वाचनालयांतून काढायला सांगितली. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या २००९ च्या यादीत, ज्यांच्यावर सर्वाधिक आक्षेप आले अशा पुस्तकांत, ‘ट्वायलाइट’ची चार पुस्तकांची मालिका पाचवी होती. मला ही कारणं खोटी वाटत नाहीत. सतराव्या वर्षी जे वाटतं ते कायमचं वाटतं, आणि सतराव्या वर्षातच कायमचा थांबलेला मुलगा त्या वाटण्याला दुजोरा देतो, हे तर अगदी खरं. पण माझ्याबाबतीत, आणि माझ्या माहितीतल्या कितीतरी जणींबाबतीत, मुळाशी याहून साधी गोष्ट होती.

त्याला विचारावं लागतं.

मन वाचता येत नाही म्हणून त्याला विचारावं लागतं. एक आख्खा दिवस तो तिला प्रश्न विचारत सुटतो. वर्गात जाताना, जेवताना, गाडीत. आवडता रंग कोणता. कुठले सिनेमे पाहिलेत, कुठली पुस्तकं. ती सांगते की तिचा आवडता रंग रोज बदलतो, आज तपकिरी आहे. मग तो विचारतो, तपकिरीच का. आणि ती ज्या वाळवंटातल्या गावाहून आली त्याची आठवण सांगत बसते, उघड्या जमिनीची आणि उन्हाची, जे त्या हिरव्या ओल्या गावात तिला कुठे दिसत नाही. व्हॅम्पायर ऐकत राहतो. नव्वद वर्षं जगाच्या मनातलं फुकट ऐकलेला तो, इथे एकेका उत्तराची वाट बघतो.

सोळा वर्षांच्या मला तोवर कुणी आवडता रंग विचारला नव्हता. दिवाळीच्या कापडखरेदीतही नाही, कारण ताईला आणि मला एकाच ताग्यातलं घ्यायचे. विचारायचं ते गुण किती पडले, जेवलीस का, कुठे गेली होतीस. या प्रश्नांतही माया होतीच, पण त्यांची उत्तरं विचारणाऱ्याला बहुतेक आधीच ठाऊक असायची.

पुढे कधीतरी वाचलं की या कादंबरीचं बीज २ जून २००३ च्या पहाटे लेखिकेला पडलेल्या स्वप्नात आहे. तीन लहान मुलांची आई होती ती. स्वप्नात एका माळावर एक मुलगी आणि एक व्हॅम्पायर बोलत बसले होते. तिला न मारणं आपल्याला किती अवघड जातंय, हे तो तिला सांगत होता. बोलत बसले होते, एवढंच. तीन महिन्यांत लिहून पुरी झालेल्या त्या जाड पुस्तकात हाणामाऱ्या शेवटी थोड्या आहेत; बाकी सगळं बोलणंच आहे. टीका करणाऱ्यांना ते रटाळ वाटलं. मला वाटतं, मुली त्या बोलण्यासाठीच पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करायच्या.

आजी माहेरची वेंगुर्ल्याकडची, त्यामुळे भुतंखेतं तिच्या बोलण्यात सहज असायची. तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसू द्यायची नाही. रात्री बाहेरून कुणी नावाने हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, असं तिने आम्हा दोघी बहिणींना बजावलं होतं. माणूस असेल तर पुन्हा हाक मारील, म्हणायची. तिच्या आरवलीच्या वेतोबाला भाविक केळ्यांचे घड आणि चामड्याच्या मोठाल्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात. रिचर्ड बर्टन या इंग्रजाने १८७० मध्ये आपल्या विक्रम-वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या तेव्हा वेताळासाठी शब्द वापरला तो व्हॅम्पायरच. शब्द चुकलाच; आपला वेताळ रक्त पीत नाही. तो पाठीवर बसून गोष्ट सांगतो आणि गोष्ट संपली की प्रश्न विचारतो.

युरोपातला मूळ व्हॅम्पायर मात्र प्रश्न विचारणाऱ्यांतला नव्हता. १७२५ मध्ये सर्बियातल्या किसिल्येवो गावात पेटर ब्लागोयेविच नावाचा शेतकरी मेला, पाठोपाठ गावातली आणखी माणसं मेली, आणि लोकांनी त्याचं थडगं उकरून प्रेतात मेख ठोकली. ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्याने त्याचा अहवाल पाठवला. फुगलेलं अंग, तोंडाशी ताजं दिसणारं रक्त. प्रेत कुजताना असं होतं हे त्या लोकांना माहीत नव्हतं. पुढे १७५५ मध्ये महाराणी मारिया थेरेझाने असली उकराउकर बंद करवली. या सुजलेल्या, गरीब, आपल्याच आप्तांना छळणाऱ्या प्रेताच्या प्रेमात कुणी मुलगी पडण्याचा प्रश्नच नव्हता.

त्याला देखणा केला तो एका वीस वर्षांच्या पोराने. १८१६ च्या उन्हाळ्यात जिनिव्हाच्या सरोवराकाठी कवी बायरन, कवी शेली, शेलीची प्रेयसी मेरी आणि बायरनचा तरुण डॉक्टर जॉन पॉलिडोरी पावसामुळे घरात अडकले होते. आदल्या वर्षी इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला होता आणि त्याच्या राखेने त्या साली युरोपचा उन्हाळाच पुसून टाकला होता. तिथे एका रात्री बायरनने कोलरिजची ‘क्रिस्टाबेल’ ही कविता म्हणून दाखवली. तीत एक मुलगी रात्री रानात भेटलेल्या अनोळखी स्त्रीला घरी आणते. ती स्त्री उंबऱ्याशी कोसळते. मुलगी तिला उचलते आणि स्वतःच्या हातांनी उंबऱ्याच्या आत नेते. त्याच मुक्कामातून पॉलिडोरीची व्हॅम्पायरकथा निघाली. ती १८१९ मध्ये छापली गेली, तीही बायरनच्या नावावर. आणि तिच्यातला उमराव, फिक्या चेहऱ्याचा व्हॅम्पायर सरळ बायरनवरच बेतलेला होता. दोन वर्षांनी, पंचवीस वर्षांचा असताना, पॉलिडोरी गेला. आजच्या सगळ्या देखण्या, उदास व्हॅम्पायरांचा जनक तो, आणि त्याची आठवण फार थोड्यांना आहे.

पण मला सांगायचंय ते उंबऱ्याबद्दल. १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’त हा नियम स्पष्ट शब्दांत येतो: घरातलं कुणी बोलावल्याशिवाय त्याला पहिल्यांदा आत येता येत नाही. त्याआधी पंचवीस वर्षं, ‘कार्मिला’ या व्हॅम्पायरकथेत, रानातल्या एकाकी वाड्यात राहणाऱ्या मुलीचा बापच व्हॅम्पायरला पाहुणी म्हणून ठेवून घेतो. २००४ मधल्या एका स्वीडिश कादंबरीत तर व्हॅम्पायर मूल न बोलावता आत येतं आणि त्याच्या सगळ्या अंगातून रक्त वाहू लागतं, ते ज्याच्या घरी आलं आहे तो मुलगा घाबरून ‘ये’ म्हणेपर्यंत. एवढं बळ असलेला, भिंतींवर चढणारा, शंभर माणसांना भारी पडणारा प्राणी दाराशी येऊन थांबतो आणि आतल्या माणसाच्या एका शब्दावर अडतो. ज्या घरात माझा शब्द कुणाला थांबवू शकत नव्हता त्या घरातल्या मला हा नियम तेव्हा माहीत असता तर मी तो वहीच्या पहिल्या पानावर लिहिला असता.

आणि ‘ट्वायलाइट’मध्ये हा नियम नाही. मायरने तो काढून टाकला आहे. एडवर्ड खिडकीतून बेलाच्या खोलीत येतो, रात्र रात्र तिला झोपलेली बघत बसतो, आणि हे तिला कितीतरी दिवसांनी कळतं. पुढच्या एका भागात ती त्याला नको असलेल्या मित्राकडे जाऊ नये म्हणून तो तिच्या गाडीच्या इंजिनातला भाग काढून ठेवतो. सोळाव्या वर्षी मला यात काही खुपलं नाही. उलट, कुणीतरी एवढं जागतंय याचं अप्रूप वाटलं. माझ्या झोपेत रोजच पाच माणसं खोलीत असायची. कुणी बघतंय यात मला नवं काय होतं? बत्तिसाव्या वर्षी तेच प्रकरण पुन्हा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून उठले आणि खोलीत फेऱ्या मारत राहिले. प्रेमाच्या नावाखाली मुलींना हे गोड करून दिलं जातं याचा मला राग येतो आणि तो मी कमी करून सांगणार नाही.

तरी त्या मालिकेवर मला एवढ्यावरून काट मारता येत नाही, कारण तिचा शेवट. चौथ्या भागात, २००८ च्या, बेला स्वतः व्हॅम्पायर होते आणि तिची शक्ती कळते: तिचं बंद मन हीच एक ढाल आहे आणि ती ती दुसऱ्यांभोवतीही पसरवू शकते. सगळ्या लढाया संपल्यावर, अगदी शेवटच्या पानांवर, ती खूप जोर लावून ती ढाल स्वतःपासून दूर ढकलते आणि एडवर्डला पहिल्यांदा तिच्या मनातलं ऐकू येतं. ती त्याला ऐकवते. आपल्या आठवणी, एकामागून एक, तिने निवडलेल्या. लेखिकेने उंबरा घराच्या दारातून उचलून मुलीच्या मनात नेऊन बसवला, आणि चार पुस्तकं थांबवल्यानंतर ‘ये’ तिच्या तोंडी दिलं. ते वाचताना मी मोरीत गेले होते.

याच पुस्तकाने आणखी एक उंबरा न विचारता ओलांडला, तेही इथे यायला हवं. फोर्क्सपासून जवळच समुद्रकाठी ला पुश इथे क्विल्यूट हे आदिवासी खरोखर राहतात. त्यांच्या उत्पत्तिकथेत त्यांचे पूर्वज लांडग्यांपासून माणसं झाले. कादंबरीने त्यांचं खरं नाव आणि ती कथा घेतली आणि वर व्हॅम्पायरशी वैर, तह, रूपं बदलणारी तरुण पोरं असं सगळं आपलं रचलं. त्यांच्या कथेत व्हॅम्पायरचा मागमूस नाही. सिएटलच्या बर्क म्युझियमबरोबर मिळून त्या जमातीला नंतर आपलं खरं काय ते जगाला समजावून सांगावं लागलं. ज्या काळात चाहत्यांच्या गाड्या तिथे येत होत्या त्याच काळात ती माणसं त्सुनामीच्या भीतीने गाव वरच्या जमिनीवर हलवायला धडपडत होती. २०१२ मध्ये कायदा होऊन त्यांना राष्ट्रीय उद्यानातली सुमारे ७८५ एकर जमीन मिळाली.

यंदा मे महिन्यात ताईची मुलगी सुट्टीला माझ्याकडे पुण्याला आली होती. नववीत गेली आता. ती फोनवर प्रतिलिपीवरच्या मराठी व्हॅम्पायरकथाही वाचते, वॉटपॅडवरच्या इंग्रजीही. माझ्या कपाटातलं ते काळं पुस्तक तिने आपणहून काढलं. मैत्रिणीला मी ते कधीच परत केलं नव्हतं. पोरीने चार दिवसांत संपवलं. टिंबं कसली आहेत विचारलं, मी सांगितलं.

‘आवडलं?’ मी विचारलं.

‘आवडलं. पण एक कळलं नाही. त्याला तिच्या मनातलं ऐकू येत नाही ना? म्हणून विचारतो ना तो सगळं?’

‘हो.’

‘मग रात्री खिडकीतून येऊन ती झोपेत काय बडबडते ते कशाला ऐकतो? ती त्याचं नाव घेते झोपेत. ते तिने सांगितलेलंच नाही त्याला. ते तर कुणाची डायरी चोरून वाचल्यासारखं झालं, मावशी.’

ती पलंगावर पालथी पडली होती, पाय हवेत, पुस्तक उघडं. तिला वहीचं काही माहीत नव्हतं. ताईनेही तिला सांगितलं नसणार. त्या संध्याकाळी ताई बाहेरच्या खोलीत होती आणि त्यावर आम्ही दोघी कधी बोललेलो नाही. मी सोळा वर्षं ही पुस्तकं मनात घेऊन हिंडले, कितीदा त्यांच्यावरून भांडले, पण झोपेतल्या त्या बडबडीकडे माझं असं लक्ष गेलं नव्हतं.

मी तिच्याजवळ बसले आणि तिला वहीची गोष्ट सांगितली. खोळ, ऊन, चहा, बंब. कोणी वाचली ते तिने विचारलं नाही. बराच वेळ गप्प राहिली, मग उठून बसली.

‘काय लिहिलं होतंस त्यात?’

‘ते नाही सांगणार.’

तिने माझ्याकडे पाहिलं.

‘बरं,’ म्हणाली. आणि मग जरा वेळाने, ‘तुझा आवडता रंग कुठला गं?’